फाळके यांचे स्वातंत्र्य : भांडवल, यंत्र आणि मूकपटकाराची कारकीर्द

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्यासंबंधी आजवर जे लेखन झाले आहे, त्याचा बराचसा भाग एकाच शब्दाभोवती फिरत राहिला आहे. तो शब्द 'जनक' हा होय. पितृत्वाचा प्रश्न एकदा उपस्थित झाला म्हणजे तारखांना अवास्तव महत्त्व येते. १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखविण्यात आलेला दादासाहेब तोरणे प्रभृतींचा 'पुंडलिक' हा पहिला मानावयाचा, की ३ मे १९१३ रोजी त्याच चित्रगृहात लोकांपुढे आलेला 'राजा हरिश्चंद्र' हा पहिला मानावयाचा, ह्या वादात उभय पक्षांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्या वादात शिरण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ज्याच्या पाठीशी कोणतीही कंपनी नाही, घरची श्रीमंती नाही आणि ज्या धंद्यात उतरावयाचे तो धंदाच देशात अस्तित्वात नाही, अशा माणसाने एकामागून एक चित्रपट कशाच्या बळावर काढले, आणि ते बळ त्याच्या हातून केव्हा व कसे गेले, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

फाळके यांना 'स्वतंत्र दिग्दर्शक' म्हणावे काय? हे विशेषण पुढच्या काळातील आहे. मोठमोठ्या चित्रपटसंस्था उभ्या राहिल्यानंतर त्यांच्या चौकटीबाहेर राहून काम करणाऱ्यास ते लावले जाऊ लागले. १९१२ साली मुंबईत असे काही नव्हतेच; तेव्हा स्वतंत्र म्हणजे कोणापासून स्वतंत्र, अशी शंका कोणीही घेईल. ती शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर देण्यासाठी तत्त्वचर्चा करण्यापेक्षा काही साध्या व्यावहारिक गोष्टी तपासणे अधिक फलदायी ठरेल असे वाटते : फिल्म कोठे धुतली गेली, निगेटिव्ह कोणाच्या ताब्यात राहिली, आणि पुढचा चित्रपट कोणता काढावयाचा हे कोणी ठरविले? 'पुंडलिक' हा मूळचा रंगभूमीवरील प्रयोग. त्याचे चित्रीकरण इंग्रज कॅमेरावाल्याने केले आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठविण्यात आली. 'राजा हरिश्चंद्र' दादरच्या एका बंगल्यात धुतला गेला. दोहोंतील खरा भेद तारखेत शोधण्यापेक्षा ह्या ठिकाणी शोधावा, असे आमचे मत आहे.

हे बळ फाळके यांच्या अंगी एकाएकी आलेले नव्हते. त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या ह्या शास्त्र्यांच्या मुलाने १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्यास कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम अशा नाना विद्या त्याने आत्मसात केल्या. गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा केला. तेथेच प्लेगच्या दिवसांत पहिली पत्नी व मूल गेले. जादूगारी शिकून स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' ह्या नावाने प्रयोग केले. १९०३ पासून काही काळ पुराणवस्तू खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. चरित्रकारांनी ह्या धरसोडीचे वर्णन कलंदर वृत्तीचे लक्षण म्हणून केले आहे. बारकाईने पाहिल्यास मात्र त्यात एक सूत्र दिसते. ह्यांतील बहुतेक व्यवसाय प्रतिमा निर्माण करण्याचे, तिच्या प्रती काढण्याचे किंवा ती पाहणाऱ्याची दृष्टी फसविण्याचे आहेत. जादूगारीसुद्धा त्यास अपवाद नाही. पुढे 'कालियामर्दना'तील आणि 'लंकादहना'तील चमत्कारदृश्ये ज्याने रचली, त्याची ती एक प्रकारची उमेदवारीच होती.

ह्या उमेदवारीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मुद्रणाचा. नोकरी सोडल्यावर फाळके यांनी लोणावळ्यास छपाई व ब्लॉक बनविण्याचा कारखाना काढला, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या शिलामुद्रणाचे काम केले, नंतर बिऱ्हाड व कारखाना मुंबईस आणला, भांडवलवाले भागीदार घेतले, आणि रंगीत छपाईची अद्ययावत यंत्रे पाहण्यासाठी १९०९ साली जर्मनीचा प्रवास केला. धंदा भरभराटीस आला असताना भागीदारांशी बेबनाव झाला आणि फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले. विद्या एकाची, पैसा दुसऱ्याचा, आणि मतभेद होताच विद्यावंताने आपली विद्या तेवढी बरोबर घेऊन निघावयाचे, हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दहा वर्षांच्या आत तो जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा घडावयाचा होता.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्या जागी राम-कृष्ण पाहण्याची कल्पना त्यांच्या मनात आली, हा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. तो मुख्यतः त्यांच्याच 'नवयुग' मासिकातील १९१७-१८ च्या लेखांवरून आपणास ठाऊक आहे. ह्या लेखांविषयी एक सूचना करणे आवश्यक वाटते. ते आत्मचरित्र म्हणून वाचले जातात. पण त्यांतील पहिला लेख नोव्हेंबर १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १ जानेवारी १९१८ रोजी भागीदारीची नवी कंपनी स्थापन झाली. भांडवलाच्या शोधात असलेल्या माणसाने, भांडवल जमण्याच्या सुमारास, वाचकवर्गापुढे मांडलेली ती हकीकत आहे. ती खोटी आहे असे मुळीच नाही. तथापि स्वदेशीचा स्वर तीत इतका उंच का लागला आहे, ह्याचा उलगडा ह्या संदर्भाने अधिक चांगला होतो.

चित्रपटाचा ध्यास घेतल्यानंतरच्या महिन्यांत अतिश्रमाने डोळे जाण्याची वेळ आली; उपचारांनी ते वाचले. त्यानंतरचा व्यवहार असा : बारा हजार रुपयांच्या विम्याच्या पॉलिशी यशवंतराव नाडकर्णी ह्या स्नेह्याकडे गहाण टाकून दहा हजार रुपये उभे करण्यात आले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' ह्या साप्ताहिकाच्या संपादकाशी, कॅबर्न यांच्याशी, त्यांनी ओळख करून घेतली. त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टन येथील स्टुडिओ पाहिला, विल्यम्सन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी केले, आणि एप्रिलच्या आरंभी ते परत आले. लंडनमधील मुक्काम अवघ्या दोन आठवड्यांचा होता. एवढ्यात जे शिकता आले, ते शिकता येण्याइतकी तयारी आधीच्या पंचवीस वर्षांत झालेली होती.

छिद्रे पाडण्याच्या यंत्राचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका वाक्यात आटोपला जातो. आमच्या दृष्टीने ह्या कारकीर्दीच्या पूर्वार्धाची किल्ली त्या यंत्रात आहे. त्या काळी मागविलेली कच्ची फिल्म कोरी, म्हणजे कडांना छिद्रे नसलेली अशी येत असे. प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार छिद्रे लागतात आणि एक फूट फिल्मवर सोळा चित्रे बसतात. म्हणजे फुटामागे १२८ छिद्रे झाली. 'राजा हरिश्चंद्रा'ची लांबी ३,७०० फूट होती. तेव्हा एका प्रतीला ४,७३,६०० छिद्रे लागली, आणि निगेटिव्हला निदान तितकीच निराळी. हे सारे काम रात्री, अंधाऱ्या खोलीत, बोटांच्या अंदाजाने करावयाचे. ते काम मुख्यतः सरस्वतीबाई फाळके यांनी केले. फिल्म धुण्याची रसायने तयार करणे, चित्रीकरणाच्या वेळी ऊन परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणे, ही कामेही त्यांच्याकडेच होती. तारामतीची भूमिका त्यांनी करावी असा विचार निघाला तेव्हा, मग ही बाकीची कामे कोणी करावयाची, असा त्यांचा सवाल होता असे सांगतात. सवाल बिनतोड होता. भूमिका शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके ह्या तरुणाकडे गेली.

येथे हिशेबाचा प्रश्न निर्माण होतो. ह्या चित्रपटाचे भांडवल म्हणून विम्याच्या पॉलिशी आणि गहाण पडलेले दागिने मोजले जातात. सरस्वतीबाईंचे श्रम मोजले जात नाहीत. त्यांचे मूल्य मजुरीच्या दराने लावून पाहिले तर फाळके यांना लागलेल्या रोख रकमेत किती भर पडली असती, ह्याची कल्पना अभ्यासकांनी करून पाहावी. परदेशी कारखान्यांत ज्या कामासाठी खाती होती, ते काम येथे घराने केले. बंगल्याच्या आवारात नेपथ्य, माडीवर किंवा मागच्या खोलीत रसायने, स्वयंपाकघरात नटवर्गाची पंगत, स्वतःचा मुलगा भालचंद्र रोहिदासाच्या भूमिकेत, असा हा कारखाना होता. सिनेमात काम करतो असे सांगण्याची लाज वाटणाऱ्या नटांनी, आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगावे, अशी सूचना फाळके यांनी दिली होती म्हणतात. तीत विनोदापेक्षा वस्तुस्थितीच जास्त आहे. त्यांचे स्वातंत्र्य घरगुती होते : यंत्र घरचे, हात घरचे, आणि म्हणून निर्णयही घरचा.

पैसा मात्र बाहेरचा. लंडनहून आल्यावर कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ दिवसामागून दिवस टिपून त्यांनी एक लहानसा चित्रपट केला आणि तो निवडक मंडळींना दाखवून कर्ज मिळविले. तारण म्हणून चित्रपटच दाखविण्याचा आपल्याकडील हा बहुधा आरंभीचा प्रसंग असावा. सहा महिने सत्तावीस दिवसांच्या श्रमांनंतर 'राजा हरिश्चंद्र' पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी तो दाखविण्यात आला. सुरतेस पहिल्या दिवसाचे उत्पन्न तीन रुपये झाले तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात करून गर्दी खेचण्यात आली, अशी हकीकत आहे. आम्ही तो हिशेब करून पाहिला. ३,७०० फुटांत सुमारे एकोणसाठ हजार चित्रे मावतात. त्यामुळे छायाचित्रांचा आकडा नेकीचा म्हटला पाहिजे. दोन मैल मात्र नव्हेत. लांबी पाऊण मैलालाही थोडी कमीच भरते. मुद्रकाची अचूकता आणि जादूगाराची अतिशयोक्ती एकाच वाक्यात नांदत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

१९१३ च्या ऑक्टोबरात फाळके यांनी कारखाना नाशकास हलविला. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' हे चित्रपट निघाले. पहिल्यात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्या स्त्रियांनी भूमिका केल्या. मागच्या चित्रपटाच्या उत्पन्नातून पुढचा काढावयाचा, अशी ही रीत होती. ती चालू असेतो फाळके कोणाचे मिंधे नव्हते. पण तीत शिल्लक म्हणून काही राहत नव्हते, हेही तितकेच खरे. १९१४ साली तिन्ही चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या कामाची वाखाणणी झाली आणि तेथेच राहून भारतीय विषयांवर चित्रपट काढण्याविषयी हेपवर्थ यांनी सुचविले. त्यांनी नकार दिला. यंत्रसामग्रीची मागणी नोंदवून ते परतले, आणि युद्ध सुरू झाले. सावकारांनी हात आखडला. नाशकास पगार थकले. फिल्म महाग व दुर्मीळ झाली. १९१४ च्या अखेरीपासून १९१७ पर्यंतचा काळ चरित्रांतून घाईने ओलांडला जातो, कारण त्यात दाखविण्यासारखा मोठा चित्रपट नाही. परंतु ज्या धंद्याची कच्ची फिल्म समुद्रापलीकडून येते, त्याचे स्वातंत्र्य समुद्रमार्ग खुला असेपर्यंतच टिकते, हे ह्याच काळात उघड झाले. मर्यादित कंपनी काढून भांडवल उभारून देण्याच्या कल्पनेत लोकमान्य टिळक आणि मनमोहनदास रामजी यांच्यासारख्यांनी रस घेतला होता. ती बोलणी तडीस गेली नाहीत.

१९१७ सालच्या 'लंकादहना'ने चित्र पालटले. राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका साळुंके यांनी केल्या होत्या. मुंबईत दहा दिवसांत बत्तीस हजार रुपयांचे उत्पन्न झाले असा आकडा सांगितला जातो. नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्याची आख्यायिकाही आहे. आख्यायिका बाजूस ठेवली तरी पाच वर्षांपूर्वी दहा हजारांसाठी विमा गहाण टाकणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा आकडा केवढा होता, ते सहज समजेल. अडचण अशी की, तो भांडवलदारांच्याही दृष्टीस पडला.

१ जानेवारी १९१८ रोजी स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत वामन श्रीधर आपटे हे व्यवस्थापक भागीदार होते आणि फाळके हे काम करणारे भागीदार. मायाशंकर भट्ट, ल. ब. फाटक, माधवजी जेसिंग व गोकुळदास दामोदर हे इतर भागीदार होते. 'काम करणारे' आणि 'व्यवस्थापक' ह्या दोन शब्दांत पुढचा सारा झगडा सामावलेला आहे. आरंभीचे फळ उत्तम मिळाले. 'श्रीकृष्णजन्म' आणि १९१९ चा 'कालियामर्दन' हे फाळके यांच्या कर्तृत्वाचे शिखर मानले जातात, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. दुसऱ्यात त्यांची कन्या मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली. म्हणजे भांडवल मिळाल्यावरही पडद्यावर घर होतेच. पडद्यामागे मात्र घर उरले नव्हते. खर्च किती, वेळ किती, शिकविलेल्या माणसांवर हुकमत कोणाची, ह्या प्रश्नांवर मतभेद वाढले. फाळके यांनी कंपनी सोडली आणि ते सहकुटुंब काशीस गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले.

फाळके यांचा स्वभाव तापट होता, ते हट्टी व खर्चिक होते, म्हणून भागीदारी मोडली, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. स्वभावाचा भाग असेल. परंतु कारण स्वभावातच शोधणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. लोणावळा-मुंबईच्या मुद्रणालयात आणि नाशकाच्या कंपनीत भांडण एकाच जागी झाले : विद्या हे भांडवल आहे की वेतन देऊन घ्यावयाची वस्तू आहे, ह्या मुद्द्यावर. भागीदारांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांचा पैसा अडकलेला होता, आणि एका माणसाच्या लहरीवर कारखाना चालावा हे त्यांस न परवडणारे होते. फाळके काशीस असताना कंपनीचे काम थांबले नाही; त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसांनी चित्रपट काढणे चालू ठेवले. १९१३ साली फाळके यांनी काम बंद केले असते तर 'हरिश्चंद्राचा कारखाना' त्याच दिवशी बंद पडला असता. १९२० साली तसे झाले नाही. ज्या शिक्षणाचा त्यांना अभिमान होता, त्या शिक्षणानेच त्यांना अनावश्यक करून टाकले.

असाच प्रकार थोड्या निराळ्या रीतीने कोल्हापुरास घडला. बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, १९२० साली 'सैरंध्री' काढला. आणि १९२९ साली त्यांच्याकडे घडलेली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही मंडळी बाहेर पडून 'प्रभात'ची स्थापना झाली. नाशकास गुरू बाहेर पडला, कोल्हापुरास शिष्य. दोन्ही ठिकाणी कारागिरी ही एका व्यक्तीची मालमत्ता राहिली नाही. कोल्हापूरचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे त्याचा निर्देश पुरे.

अच्युतराव कोल्हटकर यांनी 'संदेश' पत्रातून फाळके यांना परत येण्याविषयी जाहीर विनवण्या केल्या, आणि १९२२ च्या सुमारास ते कंपनीत परतले. ह्या वेळी ठरावीक पगारावर. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी पुष्कळ चित्रपट काढले. परंतु ह्या पुष्कळपणाविषयी सावधगिरी बाळगली पाहिजे. त्यांच्या नावावर सामान्यतः पंचाण्णव चित्रपट व सुमारे सव्वीस लघुपट मोडले जातात. ह्या बेरजेत कंपनीची निर्मिती आणि फाळके यांचे स्वतःचे दिग्दर्शन यांची सरमिसळ झालेली दिसते. वास्तविक ह्या काळात कंपनीचे चित्रपट आणि फाळके यांचे चित्रपट हा भेद करणे कठीण व्हावे, हीच त्यांच्या बदललेल्या स्थानाची खूण आहे. पूर्वी असा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते.

मधल्या काळात ते पुन्हा एकदा बाहेर पडले. मायाशंकर भट्ट यांनी दिलेल्या भांडवलावर 'सेतुबंधन' सुरू झाला. दूरदूरच्या ठिकाणी चित्रीकरण करता करता पैसा संपला, आणि चित्रपट पुरा करण्यासाठी जुन्याच कंपनीचे साहाय्य घ्यावे लागले. तो प्रदर्शित होईतो १९३२ साल उजाडले होते. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' येऊन गेला होता. मूकपटास गिऱ्हाईक उरले नाही. 'सेतुबंधना'वर मागाहून आवाज चढवावा लागला. त्या आवाजाचे यंत्र घरी नव्हते आणि घरी असण्याजोगेही नव्हते. छिद्रे पाडण्याचे यंत्र हातांनी चालत असे व खोलीत मावत असे. ध्वनिमुद्रणासाठी बंदिस्त स्टुडिओ हवा, तंत्रज्ञ हवे, आणि त्या मानाने भांडवल हवे. १९१२ सालच्या पद्धतीच्या स्वतंत्र दिग्दर्शकाला उरलासुरला जो आधार होता, तो येथे संपला.

शेवटचा चित्रपट, 'गंगावतरण', फाळके यांनी कोल्हापूर सिनेटोन ह्या संस्थेसाठी केला. त्यास सुमारे दोन वर्षे व अडीच लाख रुपये लागले, आणि १९३७ साली तो प्रदर्शित झाला. हा त्यांचा एकमेव मूळ बोलपट. पौराणिक विषय त्यांचा होता, चमत्कारदृश्यांची हौस त्यांची होती. बाकी सारे परक्याचे. १९३९ साली भारतीय चित्रपटव्यवसायाचा रौप्यमहोत्सव मुंबईत साजरा झाला, तेव्हा निधी जमवून त्यांना देण्यात आला. त्यातून नाशकास घर झाले.

निगेटिव्ह कोणाच्या ताब्यात राहिली, हा प्रश्न आरंभी उपस्थित केला होता. त्याचे उत्तर खेदजनक आहे. फाळके यांच्या कामाचा फारच थोडा अंश आज पाहावयास मिळतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्रा'ची म्हणून जी रिळे जतन झाली, तीही १९१३ च्या चित्रपटाची नसून १९१७ सालच्या पुनर्निर्मितीची असावीत, असे मत अलीकडच्या संशोधनात साधार मांडण्यात आले आहे. ते मान्य केले तर आपण ज्याला आरंभ म्हणून पाहत आलो, तो चित्रपट युद्धकाळातल्या त्या ओढगस्तीच्या वर्षांनंतरचा, उभारी धरू पाहणाऱ्या फाळक्यांचा ठरतो. विद्यार्थ्यांनी ती रिळे ह्या दृष्टीने पुन्हा पाहावीत अशी आमची शिफारस आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपटनिर्मितीवर सरकारी नियंत्रण आले आणि परवान्यावाचून चित्रपट काढता येईनासा झाला. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी फाळके यांनी नव्या चित्रपटासाठी असा परवाना मागितला. नकाराचे पत्र १४ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांच्या हाती पडले, असे चरित्रकार नमूद करतात. १६ फेब्रुवारी रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.